कारवी फुलली त्या वर्षीची जीप

जांभळीच्या झाडापाशी आल्यावर जीप पुन्हा बंद पडली.

एकदम नाही. आधी तिने दोनदा अंग झटकलं, मग बोलता बोलता म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागावा तशी ती गप्प होत गेली. सकाळचं धुकं इतकं दाट होतं की बॉनेटच्या पुढे काही नव्हतंच. सड्याचं पठार नव्हतं, वाट नव्हती. जांभळीचा तेवढा काळा बुंधा होता, तोही कुणीतरी आपली वाट बघत उभं असल्यासारखा.

"निजली व्हय?" मागच्या बाकावरून बायनाआत्तीने विचारलं.

"निजली," मी म्हणाले.

"हिच्यापरास म्हस बरी. दांडकं दावलं तर उठती तरी."

बायनाआत्ती म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. डोळ्याला कमी दिसायचं, तोंडात दात नव्हता, जीभ मात्र शाबूत होती. जीप खालच्या गावाला निघाली की काम असो नसो, ती आधी चढून बसायची.

मालकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मालक म्हणजे माझा नवरा, धुळू झोरे. आमच्या धनगरवाड्यावर बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सांगण्यात घोटाळा नको म्हणून एकदा घेतलं, आता मालकच म्हणते.

ते उतरले आणि त्यांनी आपल्या बसायची गादी उचलली. त्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली होती. पेट्रोल दाखवणारा काटा कधीच मेला होता. म्हणून गाडी थांबली की मालक पहिल्यांदा टाकीचं झाकण फिरवायचे, कारवीची सोललेली काठी आत बुडवायचे आणि किती भिजली ते बघायचे. झाकण निघताना टाकी एक उसासा टाकायची. काठी अर्धी भिजून वर आली.

"हाय पेट्रोल!" ते म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले. झाडावरून कुठलंसं पाखरू उडालं.

मग त्यांनी झाकण लावलं, बॉनेट उघडलं, पंपाची नळी सोडवून तोंडात धरली. फुंकली, पेट्रोल थुंकलं, नळी परत बसवली. स्टार्टरवर पाय दिला तशी जीप खोकली आणि चालू झाली.

"नळीत कचरा हुता," ते म्हणाले.

आदल्या दिवशी कचरा प्लगवर होता. त्याच्या आधी पॉइंट घासले होते, त्याच्याही आधी कार्बोरेटर उघडून धुतला होता. दर वेळी दुखणं निराळं निघायचं आणि दर वेळी औषध लागू पडायचं. मग पुढच्या कुठल्यातरी वळणावर तिला पुन्हा झोप यायची.

ते कारवीचं वर्ष होतं. कारवी सात वर्षं नुसती पानं मिरवते आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी सगळी एकदम फुलते. डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. माश्या दिवसभर घुमतात, आणि तो गोडसर वास अंगावरच्या घोंगडीला, केसांना, भाकरीलाही लागतो. त्या वर्षाचं मला आठवतं ते सारं त्याच रंगातून आठवतं. जीप कुठे कुठे थांबली तेही आता वेगवेगळं आठवत नाही. एकच लांब थांबणं झाल्यासारखं वाटतं, धुक्यातलं.

आदल्या पावसाळ्यात मालकांना मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना कान घेऊन गेला. दवाखान्यातून घरी परत आलं ते माणूस गप्पच. अक्षर आम्हा दोघांनाही येत नव्हतं, नाहीतर मी लिहून तरी दाखवलं असतं. मी समोर उभी राहून सावकाश बोलायची. ते ओठांकडे बघायचे आणि बघता बघता त्यांची नजर माझ्यावरून घसरून गोठ्याच्या पलीकडे कुठेतरी जायची. मग मीही बोलणं तोडायची. घरात भांडी तेवढी बोलायची, तीही माझ्याशीच.

जीप त्यांनी ताप यायच्या बऱ्याच आधी आणली होती. लष्कराच्या लिलावातली. तिच्यातला एकेक नट त्यांच्या हातून गेला होता. साऱ्या वाड्याचं दूध ते तिच्यातून खालच्या गावच्या डेअरीला न्यायचे. चुलीवर काय उकळतंय हे मला पाठमोरीला कळतं, तसं त्यांना इंजिन कळायचं, नुसतं कानाने. कान गेल्यावर ते बॉनेटवर तळवा ठेवायचे, डोळे मिटायचे आणि मला विचारायचे.

"आवाज कसा येतोय?"

आता आवाज हाताने कसा सांगायचा? मी ताक घुसळून दाखवायची. ते मान हलवायचे. मी जात्याचा खुंटा फिरवायची. तव्यावर लाह्या फुटतात तशी बोटं उडवायची.

"लाह्या? थोड्या का लई?"

मी मूठभर दाखवायची.

"गाडी दुरुस्त करताय का सैपाक करताय रं?" आत्ती मागून हसायची. मी तेच तोंड वेंगाडून त्यांना सांगितलं की मालकही हसायचे. तेवढाच वेळ ते माझ्याकडे धड बघायचे. घरी गेलं की पुन्हा गोठ्याच्या पलीकडे.

जांभळीपाशी नळी फुंकली त्याच दिवशी, संध्याकाळी धारा काढून झाल्यावर ते उंबऱ्यावर बसले. नेहमीपेक्षा हळू बोलले.

"म्हाळूचा सांगावा आलाय. ममईला ये म्हनतोय. जोगेश्वरीला गोठ्यावर मानूस पायजे त्यास्नी."

म्हाळू त्यांचा धाकटा भाऊ. मी कडबा टाकत होते, तशीच उभी राहिले.

"शेन काढायला कान लागत न्हाईत," ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. "आन् गाडी?"

"उद्या बाजार हाय. भंगारवाला येतोय खाली. त्याला सांगून ठेवलंय."

"आन् मी?"

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. कळलं नाही असं नव्हतं. "तू हाईस की हितं. म्हशी हाईत. आत्ती हाय." मग म्हणाले, "उद्या सारं एकदा नीट बांधून बघतो. खाली जाऊन न थांबता वर आली, तर ऱ्हातो. मधी निजली, तर ती भंगारात आन् मी ममईच्या गाडीत."

मला जीपची हौस नव्हती. धुराने मला मळमळायचं. पण ममईला गेलेली आमच्या वाड्यावरची माणसं दिवाळीला पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखी जायची, ते मी बघत होते. ऐकू येणारी माणसं तिथून परकी होऊन यायची. हे तर घरात बसूनच अर्धे गेले होते.

सकाळी उठले तर मालक जीपखाली होते. त्यांनी पंपाचा पडदा नवा घातला होता. पंप तापतो म्हणून पेट्रोलची वाफ होत असेल, असा त्यांचा नवा अंदाज होता. म्हणून पंपाला जुन्या धोतराची ओली पट्टी गुंडाळली होती.

"तापल्या पोराच्या कपाळाला लावत्यात तशी," आत्ती म्हणाली. "आता कांद्याचा रस बी चोळा तळपायाला."

कॅनमधलं सगळं पेट्रोल त्यांनी टाकीत ओतलं. टाकी गळ्यापर्यंत भरली. हाताने झाकण घट्ट फिरवलं, वर गादी ठेवली.

"आज पेट्रोलचं निमित्तच नको," ते म्हणाले.

मी दुधाच्या किटल्या मागे लावल्या, त्यांना दोरी घातली. दूध नुकतंच काढलेलं, कोमट होतं. बाहेर मात्र धुक्याने हाडं गारठत होती. आत्ती तिची कोंबडी पाटीखाली झाकून चढली.

"तू कशाला आज?" मी विचारलं.

"अगं, उद्यापास्नं गाडी नसंल तर? बसून घेते."

जीप त्या दिवशी जांभळीपर्यंतही पोचली नाही.

वाड्यापासून वाट सड्यावर उतरते, तिथे दोन्ही अंगांनी कारवी माणसापेक्षा उंच होती. फुलं धुक्याने ओली होऊन खाली वाकली होती. जीपने अंग झटकलं. मालकांना ते ऐकू गेलं नाही, पण बुडाला कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच करून दाखवलं नाही. दाखवायला आवाजच उरला नव्हता.

ते उतरले. पेट्रोल बघायची गरज नव्हती, टाकी भरलेली होती. म्हणून गादी न उचलता त्यांनी थेट बॉनेट उघडलं. पट्टीवर पाणी शिंपडलं. प्लग काढले, पुसले, घातले. पॉइंट घासले. नळी फुंकली. मग स्टार्टर मारला. जीप उठली, चार पावलं गेली, पुन्हा निजली. थोडं थांबून पुन्हा मारला. पुन्हा चार पावलं.

"ह्या अशानं दिवाळीपातूर पोचू," आत्ती म्हणाली.

मालकांनी पंपाची पट्टी सोडली. पिळली. झटकून तिची घडी घातली, दुसरी घडी घातली, आणि ती मडगार्डवर ठेवून शेजारी बसले. ताप उतरत नाही म्हणून पट्टी काढतात आणि माणसाचे हात मोकळे होतात, तसे त्यांचे हात गुडघ्यांवर मोकळे पडले होते.

"बास आता," ते म्हणाले. "भंगारवाल्याला हितंच घिऊन येतो."

ते कारवीकडे बघत होते. कारवीच्या पलीकडे बघत होते. मी समोर जाऊन उभी राहिले, तरी त्यांना दिसले नाही.

"ठके," आत्तीने मला हाक मारली. "दूध नासायच्या आधी घोटभर दे बाई. सकाळधरनं पोटात काय न्हाई."

मी किटलीची दोरी सोडली. झाकण निघेना. कोमट दूध भरून घट्ट लावलेलं झाकण थंडीत असं धरून बसतं, हे रोजचंच होतं. मी किटली गुडघ्यात धरली, कडेला चमच्याची दांडी घातली आणि रेटलं. झाकण थोडं उचललं आणि किटलीने सुस्स करून उसासा टाकला.

मी तशीच थांबले.

तो उसासा मी दुसरीकडे ऐकला होता. जांभळीपाशी ऐकला होता, परवा खिंडीत ऐकला होता. जिथे जिथे जीप थांबली तिथे, मालकांनी गादी उचलून झाकण फिरवलं की हाच आवाज यायचा. टाकीचा स्वभावच तो, असं मी धरून चालले होते. त्यांनी आवाज विचारला तो इंजिनाचा. टाकीचा कुणी विचारला नव्हता. आणि आज, फक्त आज, त्यांनी झाकण काढलं नव्हतं. आजच ती उठत नव्हती.

"दूध देतीस न्हवं?" आत्ती म्हणाली.

मी किटली तिच्या हातात दिली आणि मालकांचा दंड धरला.

"काय?"

मी ओढलं.

"अगं, भरलीय टाकी. मी भरलीय."

मी गादी उचलली. त्यांचा हात घेतला, तळव्याला थुंकी लावली आणि तो झाकणाच्या अगदी कडेला धरला. मग दुसऱ्या हाताने झाकण हळू, अगदी हळू फिरवलं.

टाकीने श्वास घेतला. कान असलेल्याला तो लांब, बारीक, आत जाणारा ऐकू आला असता. मालकांना तो तळव्याला कळला. ओला तळवा गार पडला असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे, परत माझ्याकडे. त्यांना अजून नीट उमगलं नव्हतं. मी त्यांचा तोच तळवा उचलून माझ्या उघड्या तोंडावर ठेवला आणि जोराने श्वास आत ओढला.

कितीतरी दिवसांत त्यांचा हात माझ्या तोंडाला लागला नव्हता. हाताला पेट्रोलचा वास होता.

"आत जातोय," ते हळूच म्हणाले. "वारा आत जातोय."

मी मान डोलावली.

"बाहीर न्हाई. आत." ते मोठमोठ्याने बोलायला लागले. "पंप पेट्रोल ओढतोय, आन् त्याच्या जागी आत वारा येत न्हाई. मग टाकी धरून बसती. गुदमरती! आन् म्या दर वक्ताला काठी घालाय झाकान काढलं की मोकळी व्हायची, आन् मला वाटायचं कचरा हुता!" ते कपाळावर हात मारून हसले. "म्या नळ्या फुकत बसलो हुतो, ठके!"

"काय म्हनतोय?" आत्ती ओरडली. तिच्या ओठाभोवती दुधाची मिशी आली होती.

"गाडीचं नाक बंद हुतं म्हनत्यात," मी म्हणाले.

"मग शेंबूड काढा की!"

मालकांनी झाकण उलटं केलं. त्याच्या मधोमध वारा घ्यायला बारीक भोक असतं, ते मला त्यांनी नंतर दाखवलं. पण तेव्हा भोक दिसत नव्हतं. आतून झाकणाला एक रबर बसवलेलं होतं. जुन्या ट्यूबमधून कापलेली गोल चकती. इतकी नीट कापलेली, की लोखंडाच्या कडेला तसूभरही मागेपुढे नव्हती. एखाद्याने दिवसभर बसून, बोट फिरवून फिरवून कापावी तशी.

ते बघून मालकांचं हसू ओसरलं.

मी खुणेने विचारलं, हे कुणी?

"म्याच."

"कवा?"

ते रबरावरून अंगठा फिरवत राहिले. "तापातनं उठलो तवा. गेल्या साली."

"कशाला पन?"

त्यांनी ओठ वाचले आणि नजर काढली. या वेळी ती गोठ्याच्या पलीकडे गेली नाही. लाजलेल्या माणसाची जाते तशी पायाशी गेली.

"तुज्या दुधाला वास मारत हुता न्हवं पेट्रोलचा," ते म्हणाले. "डेअरीवाल्यानं किटली माघारी दिलेली. तू गोठ्यामागं बसून रडत हुतीस."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. दूध परत आलं होतं हे खरं, आणि मी गोठ्यामागे रडले होते हेही खरं. आवाज न काढता रडले होते, आणि आवाज काढला असता तरी त्यांना कुठे ऐकू येणार होता? ते तेव्हा अंथरुणावरून नुकते उठलेले, भिंत धरून चालायचे. ते वाटेवरच कुठेतरी राहून गेले, परत आलेच नाहीत, असं मी त्याच दिवशी मनाशी धरलं होतं. पुढे दूध माघारी यायचं थांबलं, तेव्हा मला वाटलं, मी किटल्या राखेने घासते त्याचा गुण आला. वर्षभर मी त्या किटल्या राखेने घासत होते.

माश्या घुमत होत्या. धुकं थोडं विरळ होऊन मागे सरकलं होतं आणि जांभळा डोंगर इथे तिथे उघडा पडत होता.

मी मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढली आणि त्यांच्या हातातल्या रबराच्या मधोमध टोचली. त्यांनी पिन माझ्या हातातून घेतली, भोक जरा मोठं केलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि झाकण लावलं.

"आता वास येनार परत," ते म्हणाले.

"येऊ द्या."

"न्हाई. किटल्या मागनं बाहीर बांधू. फळी ठोकतो म्या. तवाच सुचाया पायजे हुतं."

त्यांनी स्टार्टरवर पाय दिला. जीप खोकली, आणि चालू झाली. मी आपोआप कान दिला. ताक नाही, जातं नाही, लाह्या नाहीत. मालकांनी बॉनेटवर तळवा ठेवून माझ्याकडे बघितलं. मी पाळणा झुलवून दाखवला.

दूध उशिरा पोचलं, पण घेतलं. बाजाराच्या तोंडाशी भंगारवाला खांद्यावर दोरखंड घेऊन उभा होता. त्याच्यासमोर मालकांनी जीप थांबवली, पण बंद केली नाही.

"आनली व्हय धुळूदा?"

मालकांना ऐकू गेलं नाही, पण तो काय विचारणार ते ठाऊक होतं. "च्या पिऊन जा माज्या नावावर," ते साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले.

"आन् दोरी मला दे," आत्ती म्हणाली. "कोंबडी बांधाय हुईल."

परत येताना चढ होता. ज्या वळणांवर जीप निजायची ती सगळी वळणं एकेक करून मागे गेली. ऊन पडलं होतं. आत्ती मागे किटल्यांना टेकून खरंच झोपली होती, आणि कोंबडीही. सड्यावर आलो. वाडा दिसायला लागला. आणि जांभळीच्या झाडापाशी जीप थांबली.

एवढं सगळं होऊन, घर डोळ्यांसमोर असताना. "निजली?" मी म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

मालकांनी ओठ वाचले.

"निजली न्हाई," ते म्हणाले. आवाज नेमका तेवढाच होता, शेजारच्या माणसाला पुरेल एवढा. "म्या थांबिवली."

"कशाला?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि माझ्याकडे तोंड करून बसले. जांभळीची सावली आम्हा दोघांवर हलत होती.

"बोल कायतरी," ते म्हणाले. "बघतोय म्या."